घरच्या टर्नटेबलला कोणती मोटर लावावी? तीन मोटरी वापरून झाल्यावरचं माझं मत

मॉडेल रेल्वेच्या टर्नटेबलसाठी, म्हणजे गोल खड्ड्यात फिरून इंजिन हव्या त्या मार्गासमोर नेणाऱ्या पुलासाठी, मोटर कोणती घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, पुलाला प्ले, म्हणजे ढिलाई, किती आहे? माझी बरीच वर्षं लेथवर गेली आहेत. तिथे ताकदीची मशिनं पाहिली आणि जुनी, दमलेली मशिनंही पाहिली. जॉब बिघडायचा तो बहुतेक वेळा ताकद कमी पडली म्हणून नाही, मध्ये कुठेतरी ढिलाई राहिली म्हणून. टर्नटेबलमध्ये तर मोटर मधोमध बसते आणि रूळ जुळवायचा असतो तो थेट टोकाला. मधली केसभर ढिलाई टोकाला गेल्यावर इंजिन पाडण्याइतकी होते. म्हणून खाली जे काही लिहिते आहे त्यात प्रत्येक भाग मी याच एका कसोटीवर तोलला आहे.

आधी मापं. माझा लेआउट एचओ स्केलचा, म्हणजे १:८७. खऱ्या ९० फुटी टर्नटेबलचा पूल या मापात ३१५ मिलिमीटर लांब येतो. मध्यापासून टोक १५७ मिलिमीटरवर, आणि ते टोक ज्या वर्तुळावर फिरतं त्याचा परीघ ९९० मिलिमीटर. त्याला ३६० ने भागा. एक अंश म्हणजे टोकाला पावणेतीन मिलिमीटर. कोड ८३, म्हणजे ०.०८३ इंच उंचीच्या, रुळाचा माथा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो. माझा आग्रह असा की पुलावरचा रूळ आणि बाहेरचा रूळ ०.२ मिलिमीटरच्या आत जुळला पाहिजे. त्यापेक्षा जास्त फरक पडला की चाकाची कड ठेच खाते, आणि मोठ्या वाफेच्या इंजिनाची पुढची छोटी चाकं सगळ्यात आधी उतरतात. ०.२ मिलिमीटर म्हणजे अंशाचा साधारण चौदावा हिस्सा. मोटर विकत घेताना डोक्यात ठेवायचा आकडा हा. टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, नंतर बघू.

पहिली मोटर २८बीवायजे-४८. बहुतेकांच्या हातात आधी हीच येते, कारण आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड शिकायच्या कितीतरी किटमध्ये ती यूएलएन२००३ ड्रायव्हरसकट, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या बोर्डासकट, मिळते. २८ मिलिमीटर व्यासाची डबी, शाफ्ट मध्यावर नसून ८ मिलिमीटर एका बाजूला, आणि शाफ्टचं टोक दोन बाजूंनी चपटं केलेलं. आत एक छोटी स्टेपर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी (स्टेपनी) फिरणारी मोटर, आणि तिच्यापुढे दातेरी चाकांची चळत. पाच व्होल्टवर चालते, गरम होते पण भाजत नाही, आणि पूल हलका व बेअरिंग मोकळं असेल तर एचओचं इंजिन घेऊन तो आरामात फिरवते. आवाज इतका बारीक की लेआउटच्या खाली फळीला टेकवून न बसवता रबरावर बसवली तर ऐकूच येत नाही.

कागदावर ती चांगलीच दिसते. एका फेऱ्याला २०४८ स्टेप, म्हणजे टोकाला स्टेपमागे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत. हाफ-स्टेपवर, म्हणजे अर्ध्या अर्ध्या स्टेपने, चालवली तर पाव मिलिमीटर. पण हा २०४८ आकडाच मुळात नेमका नाही. आतल्या चाकांचे दात मोजून हिशेब केला तर गिअरचं प्रमाण ६४ येत नाही, ६३.६८ येतं. म्हणजे फेऱ्याला लागतात साधारण २०३८ स्टेप. २०४८ धरून प्रोग्राम लिहिला की प्रत्येक पूर्ण फेऱ्यात पूल जवळजवळ पाच मिलिमीटर पुढे जाऊन थांबतो. एकाच दिशेने फिरवत राहिलं तर फरक साचत जातो आणि माणूस उगाच वायरिंग उचकटत बसतो. आकडा दुरुस्त केला की हे दुखणं जातं.

दुसरं दुखणं आकड्याने जात नाही. पुलाच्या टोकाला डायल, म्हणजे बारीक हालचाल मोजायचं काट्याचं मापक, लावला, मोटरची वीज चालू ठेवली आणि बोटाने पूल आधी इकडे, मग तिकडे ढकलला. काटा तीन मिलिमीटरच्या पुढे गेला. मोटर जागची हललेली नव्हती. चाकांच्या दातांमध्ये जी मोकळी जागा असते तेवढाच पूल डुलत होता. एका नगाचा दोष असेल म्हणून आणखी नग लावून पाहिले. कमी-जास्त सगळ्यांचं तेच. या मोटरीचा मूळ उपयोग एसीच्या हवा वळवणाऱ्या पट्ट्या हलवण्यासारख्या कामाचा, तिथे एक अंश इकडे की तिकडे कुणी बघत नाही. त्यामुळे मोटरीला दोष देण्यात अर्थ नाही, काम वेगळं आहे.

तरी हिच्याकडून काम करून घेता येतं. पुलाच्या शाफ्टवर जाड फेल्टची चकती घालायची आणि हलक्या स्प्रिंगने ती दाबून धरायची. एवढ्याशा ब्रेकने पूल आपोआप डुलायचा थांबतो. मग प्रोग्राममध्ये एक शिस्त पाळायची: कुठल्याही रुळावर येताना शेवटचा प्रवास नेहमी एकाच दिशेने. डावीकडून जायचं असेल तर सरळ जाऊन थांबायचं. उजवीकडून येत असाल तर रूळ ओलांडून थोडं पुढे जायचं आणि परत फिरून डावीकडूनच यायचं. असं केलं की दात नेहमी एकाच बाजूला टेकलेले राहतात आणि प्ले असूनही त्रास देत नाही. माझ्याकडे हा उपाय अर्ध्या मिलिमीटरच्या आत थांबला. छोट्या शंटिंग इंजिनांना ते चालतं, लांब इंजिनांना नाही. आणखी एक गोष्ट नजरेला खटकते. पूल संथ, फेऱ्याला दोन मिनिटं असा, फिरवायचा म्हटला तर सेकंदाला सतराच स्टेप पडतात, आणि प्रत्येक स्टेपला टोक अर्धा मिलिमीटर उडी मारतं. पुलावर उभं असलेलं इंजिन थरथरताना दिसतं. खऱ्या टर्नटेबलवर शंभर टनांचं इंजिन असं कधी थरथरत नाही.

हिची वीज आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवरून घेऊ नका. दोन कॉइल एकदम चालू असताना ती २०० मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. वेगळा पुरवठा द्या आणि दोन्हीचं ग्राउंड एकत्र जोडा.

दुसरी मोटर अगदी वेगळ्या वळणाची: वर्म गिअर, म्हणजे स्क्रूने दातेरी चाक फिरवणारा गिअर, असलेली साधी १२ व्होल्ट डीसी मोटर, मिनिटाला एखादा फेरा देणारी. संगणक नाही, प्रोग्राम नाही. जुना इंजिन चालवायचा कंट्रोलर घ्यायचा, तारा जोडायच्या, नॉब फिरवायचा आणि नजर रुळावर ठेवायची. वर्म गिअरचा मोठा गुण हा की मोटर पूल फिरवू शकते पण पूल मोटरला फिरवू शकत नाही. वीज बंद केली की पूल जिथे आहे तिथे. मला या पद्धतीबद्दल मनापासून प्रेम आहे. इंजिन पुलावर घेऊन नॉब हळूहळू मागे आणत ते रुळासमोर उभं करण्यात जे हातात येतं ते बटण दाबून येत नाही.

पण नजरेने ०.२ मिलिमीटर साधणं रोज जमणारी गोष्ट नाही, म्हणून या मोटरीबरोबर पूल जागी अडकवणारी खिटी हवीच. खऱ्या टर्नटेबललाही ती असते. मी दोन मिलिमीटरची पितळी सळई घेतली, टोक कानशीने निमुळतं केलं आणि पुलाखाली रुळांच्या मधोमध नळीत बसवली. खड्ड्याच्या भिंतीत प्रत्येक मार्गासमोर त्याच आतल्या व्यासाची पितळी नळी. पूल जवळपास आला की खिटी आत सरकवायची. निमुळतं टोक नळीच्या तोंडात शिरतं आणि उरलेला मिलिमीटरभर पूल स्वतःच ओढून घेतं. रूळ नेमका कुठे येणार हे मग मोटर ठरवत नाही, ती पितळी नळी ठरवते.

इथे एक गंमत लक्षात घ्यायची. खिटीने पूल ओढायचा असेल तर मोटर आणि पूल यांच्यात थोडा प्ले हवाच. वर्म गिअर तर मागे हटत नाही. सगळं घट्ट बसवलं तर खिटी आणि वर्म एकमेकांशी भांडतात, आणि वाकते ती खिटी. मी मधल्या कपलिंगमध्ये मुद्दाम एक-दीड अंशाची मोकळीक ठेवली. म्हणजे ढिलाई नेहमी वाईट असं नाही. ती कुठे आहे हे आपल्याला माहीत असलं पाहिजे आणि शेवटचा शब्द तिचा नसला पाहिजे. ज्यांच्याकडे पाच-सहा मार्ग आहेत, प्रोग्रामिंगची आवड नाही आणि हाताने चालवायला आवडतं, त्यांनी बाकी काही न बघता हीच मोटर घ्यावी. खिटीतूनच त्या त्या मार्गाला वीज द्यायची सोयही होते: खिटी लागली तरच समोरचा रूळ जिवंत. पूल वाकडा असताना इंजिन चुकून खड्ड्यात जायची भीती राहत नाही.

तिसरी मोटर नेमा १७, आणि माझ्या लेआउटवर सध्या जी बसली आहे ती हीच. ४२ मिलिमीटरचा चौकोनी चेहरा, पाच मिलिमीटरचा शाफ्ट, फेऱ्याला २०० स्टेप. थ्रीडी प्रिंटरमध्ये हीच असते, त्यामुळे पुली, पट्टे, कंस, सगळं सुटं मिळतं. हिला आत गिअर नाहीत, म्हणून दातांमधला प्लेही नाही. पुलाला थेट जोडली तर पूर्ण स्टेपला टोक पाच मिलिमीटर सरकतं, म्हणजे मायक्रोस्टेपिंग, एका स्टेपचे बारीक तुकडे करणं, आलंच. एका स्टेपचे सोळा तुकडे केले की ०.३१ मिलिमीटर. कागदावर हे पुरेसं जवळ आहे, पण मायक्रोस्टेप हे रोटर जिथे थांबावा अशी अपेक्षा असलेलं ठिकाण असतं. भार आला की तो थोडा मागे-पुढे राहतो. म्हणून थेट जोडणी माझ्या मते टाळावी.

मधे जीटी२ जातीचा दातेरी पट्टा घातला की चित्र पालटतं. दातांमधलं अंतर दोन मिलिमीटर, मोटरवर २० दातांची पुली, पुलाच्या शाफ्टवर १०० दातांची. प्रमाण पाचास एक. आता फेऱ्याला १००० पूर्ण स्टेप आणि सोळा तुकड्यांवर १६,००० मायक्रोस्टेप. मायक्रोस्टेपमागे टोक ०.०६ मिलिमीटर हलतं. पट्टा नीट ताणलेला असला तर त्याचे दात पुलीच्या खाचेत गच्च बसतात आणि दिशा बदलताना काही हरवत नाही. आधीचाच डायल, तेच बोट: काटा हलतो, पण बोट काढलं की परत आपल्या जागी येतो. पट्टा किंचित लवचिक आहे, ढिला नाही. हा फरक बोटाला लगेच कळतो.

मोठी पुली ६४ मिलिमीटरच्या आसपास व्यासाची होते. ती छापून घेतली असेल तर डायलखाली फिरवून बघा, जराशी वाकडी असतेच. दशांश मिलिमीटर जरी मध्य चुकला असेल तरी पुलाच्या टोकाला अर्धा मिलिमीटर फरक पडतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण घाबरायचं कारण नाही. ही पुली पुलाबरोबरच फिरते, त्यामुळे तिची चूक त्या त्या कोनात दर वेळी तेवढीच असते. प्रत्येक मार्गाची जागा आपण हाताने जुळवून आर्डुइनोच्या स्मृतीत ठेवतो, त्यात ती चूक आपोआप जिरते. मोटरवरच्या लहान पुलीचंही तसंच, कारण प्रमाण पूर्णांकात आहे: पूल एक फेरा पुरा करतो तेव्हा लहान पुलीने नेमके पाच केलेले असतात. दर वेळी तेवढीच येणारी चूक म्हणजे चूकच नाही. आज एवढी आणि उद्या तेवढी, ही खरी चूक, आणि ती फक्त प्लेमधून येते. पूर्णांकात नसलेलं प्रमाण घेऊ नका असं मी सांगते ते यासाठी.

ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नका. साध्या ड्रायव्हरवर ही मोटर उभी असतानासुद्धा बारीक सुं-सुं करते, आणि लेआउटची फळी तो आवाज ढोलासारखा मोठा करते. मी टीएमसी२२०९ लावला. आपण सोळा तुकडे सांगितले तरी तो आतल्या आत २५६ पर्यंत बारीक करून मोटरला देतो. परिणाम डोळ्यांना दिसतो. पूर्ण फेऱ्याला दोन मिनिटं लागतील असा वेग ठेवला, सेकंदाला १३३ मायक्रोस्टेप, आणि पुलाच्या कडेला नजर लावून बसलं तरी उडी दिसत नाही. आवाज शून्य. मोटर थांबली की तो करंट आपणहून कमी करतो, हा दुसरा फायदा. मोटर तासन्‌तास चालू राहिली तरी फक्त कोमट असते. माझ्या मोटरीचा नाममात्र करंट दीड अँपिअर आहे, मी ०.६ वर चालवते. फिरवायला तेवढं भरपूर होतं.

वीज बंद-चालू करण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मायक्रोस्टेपवर उभी असलेली मोटर वीज गेली की जवळच्या नैसर्गिक खाचेत सरकते, आणि परत वीज आली की ड्रायव्हर स्वतःच्या ठरलेल्या स्थितीपासून सुरुवात करतो. यात रोटर दोन पूर्ण स्टेपपर्यंत हलू शकतो, म्हणजे माझ्या पाचास एक प्रमाणात टोकाला दोन मिलिमीटरपर्यंत. तेव्हा चालू करताना पुलावरून बाहेर अर्धवट उभा असलेला डबा नसावा, आणि चालू केल्यावर पहिलं काम म्हणजे सेन्सरकडे जाऊन शून्य शोधणं. मोटरच्या पुरवठ्यावर ड्रायव्हरच्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. आणि वीज चालू असताना मोटरीची तार कधीही उपटू नये, ड्रायव्हर तिथल्या तिथे जातो.

आता बेअरिंग. मोटरीवर एवढं लिहिलं, पण टर्नटेबल चांगलं की वाईट हे निम्म्याहून जास्त इथे ठरतं. फिरत्या ताटाखाली असतं तसं चपटं, पत्र्याचं गोल बेअरिंग कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. भार घेतं, फिरतं, पण आडवा प्ले इतका असतो की पुढचं सगळं व्यर्थ. मी ६०८ नंबरची दोन बॉल बेअरिंगं घेतली, स्केट्सच्या चाकांत असतात तीच: आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिलिमीटर. महत्त्वाचं आहे ते दोघांमधलं अंतर. समजा बेअरिंगमध्ये ०.०२ मिलिमीटर प्ले आहे. दोन बेअरिंगं १० मिलिमीटर अंतरावर बसवली तर पुलाचं टोक ०.३ मिलिमीटर वर-खाली डुलेल. तीच बेअरिंगं ४० मिलिमीटरवर न्या, डुलणं ०.०८ वर येतं. बेअरिंग तेच, फक्त नळी लांब. मी ही नळी लेथवर दोन्ही बाजूंची बसणी एकाच पकडीत बोअर करून केली, म्हणजे दोन्ही मध्य एका रेषेत येतात. लेथ नसेल तर प्लायवुडचे दोन तुकडे एकावर एक शिकंज्यात धरून २२ मिलिमीटरचं भोक एकदमच पाडा आणि मग त्यांच्यामध्ये ठोकळे घालून ते दूर करा. तुकडे फिरू देऊ नका, खूण करून ठेवा.

शाफ्ट म्हणून मी ८ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची पितळी नळी वापरली. भरीव सळईपेक्षा ती मला जास्त आवडते, कारण पुलाच्या सगळ्या तारा तिच्यातून सरळ खाली उतरतात.

पुलाच्या टोकांची चाकं खड्ड्यातल्या गोल रुळावर टेकवायची का, यावर मतं वेगवेगळी आहेत. मी ती कागदाच्या जाडीएवढी वर ठेवते. रिकामा पूल मधल्या बेअरिंगवर मोकळा फिरतो, आणि इंजिन एका टोकावर चढताना पूल किंचित झुकला तर चाक रुळावर टेकून त्याला धरतं. कायम टेकलेली चाकं गोल रुळाचा प्रत्येक उंचसखलपणा पुलाला सांगत बसतात.

रूळ जुळवण्याची माझी पद्धत अशी. पूल एका मार्गासमोर आणून खड्ड्याच्या काठाला फळीचे तुकडे लावून पक्का करायचा. मग रूळ अखंड ठेवायचा, बाहेरच्या मार्गावरून पुलावर आणि पलीकडच्या मार्गावर, मध्ये तोडायचा नाही. चिकटवायचा, वाळू द्यायचा, आणि शेवटी बारीक कापणाऱ्या चकतीने काठावर दोन्हीकडे कापायचा. कापाची रुंदी साधारण अर्धा मिलिमीटर पडते. कापण्याआधी तो एकच रूळ होता, त्यामुळे उंची आणि दिशा दोन्ही जुळलेल्याच असतात. कापलेल्या टोकांची आतली बाजू कानशीच्या दोन हातांनी मोडायची, बस. बाकीचे मार्ग मग पुलाकडे बघून लावायचे. काही तयार टर्नटेबलांत मार्गांचे कोन ठरलेले असतात, साडेसात किंवा पंधरा अंशांवर. इथे तुम्हाला हवा तो कोन. माझ्या शेडचे मार्ग जागेमुळे विषम अंतरावर आहेत आणि ते तसेच सुंदर दिसतात.

विजेचा भाग थोडक्यात, कारण यात मला फार अडलं नाही. दोन रुळांच्या पद्धतीत पूल अर्धा फेरा फिरला की डावा रूळ उजवीकडे जातो आणि बाहेरच्या रुळाशी शॉर्ट होतो. जुना उपाय म्हणजे दोन अर्धवर्तुळांत कापलेली तांब्याची कडी आणि तिच्यावर फॉस्फर ब्राँझच्या दोन पट्ट्या. पट्ट्या फट ओलांडतात तेव्हा धन-ऋण आपोआप उलटतं. फट अशा कोनावर ठेवायची जिथे एकही मार्ग नाही, आणि ती पट्टीच्या रुंदीपेक्षा मोठी हवी. हे घरी करता येतं आणि वर्षानुवर्षं टिकतं, अधूनमधून पुसायला मात्र लागतं. मी तयार स्लिप रिंग, म्हणजे फिरत्या भागाला तारा न पिळता वीज देणारा जोड, घेतली, साडेबारा मिलिमीटर व्यासाची कॅप्सूल, सहा तारा, तारेमागे दोन अँपिअर. ती अत्यंत आवडली. पूल कितीही फेरे मारो, तार पिळत नाही, आणि उरलेल्या चार तारांवर पुलावरच्या केबिनचा दिवा आणि सिग्नल चालतात. उलटापालट एका डीपीडीटी रिलेने, म्हणजे दोन्ही तारा एकदम बदलणाऱ्या विजेच्या स्विचने, होते. आर्डुइनोला पुलाचा कोन माहीत असतोच, तो रिले टाकतो. डीसीसी, म्हणजे रुळातून डिजिटल आज्ञा देऊन इंजिन चालवायची पद्धत, वापरणाऱ्यांनी धन-ऋण आपोआप उलटणारा ऑटो-रिव्हर्सर लावला तर रिलेचीही गरज नाही. फक्त एक: स्लिप रिंगच्या तारा केसासारख्या बारीक असतात, सोल्डर करून लगेच आवरण घाला आणि कॅप्सूलची बाहेरची बाजू घट्ट आवळू नका, नुसती फिरण्यापासून अडवा.

शून्य, म्हणजे मोजणी सुरू करायची जागा, शोधण्यासाठी ए३१४४ हा चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर आणि छोटं निओडायमियम चुंबक. तो चुंबकाच्या एकाच ध्रुवाला दाद देतो, चालला नाही तर चुंबक उलटून बघा. तो ज्या जागी चालू होतो त्याच जागी बंद होत नाही, मध्ये थोडं अंतर असतं. इथेही एकाच दिशेने येण्याची शिस्त लागते. चुंबक शाफ्टजवळ लावण्याचा मोह टाळा. मध्यापासून १० मिलिमीटरवर सेन्सर दशांश मिलिमीटर चुकला तर पुलाचं टोक दीड मिलिमीटर चुकतं. तोच सेन्सर खड्ड्याच्या कडेशी नेला तर चूक दशांशच राहते. चुंबक पुलाच्या टोकाखाली रंगवून लपवलं की कुणाला दिसतही नाही.

प्रोग्राममध्ये अ‍ॅक्सेलस्टेपर लायब्ररी वापरा, वेग हळूहळू चढतो आणि उतरतो. आणि प्रत्येक मार्गासाठी दोन जागा साठवा, पुलाचं हे टोक आणि ते टोक. दुसरी जागा पहिलीत ८००० मिळवून काढू नका. पुलावरचे रूळ दोन्ही टोकांना नेमके मध्यरेषेवर बसलेले नसतात.

तर माझी पसंती: आठ-दहा मार्ग आणि लांब इंजिनं असतील तर नेमा १७, पाचास एक पट्टा, टीएमसी२२०९. मार्ग थोडे असतील तर वर्म गिअर आणि पितळी खिटी. २८बीवायजे-४८ शिकण्यासाठी आणि लहान इंजिनांसाठी ठीक, फेल्टच्या ब्रेकशिवाय मात्र नाही.

पुढचं टर्नटेबल एन स्केलचं, १:१६० चं करायला घेतलं आहे. तिथे ९० फुटी पूल १७१ मिलिमीटरचा होतो, टोकाचा परीघ ५३९. मोटर तीच लावणार, पण पट्टा तिनास एकचा पुरेल, कारण तेवढ्यातही मायक्रोस्टेपमागे टोक ०.०६ मिलिमीटरच हलतं. खड्डा उथळ असल्यामुळे नळी आखूड करावी असं आधी वाटलं होतं. पण बेअरिंगांमधलं अंतर ४० मिलिमीटरच ठेवते आहे, त्यासाठी खालची फळी कापावी लागली तरी.